रंग फासण्याआधी: टँकच्या गेममध्ये कॅमो खरंच लपवतो का?

बर्फाच्या नकाशासाठी मी एकदा टी-३४ टँक पांढरा केला होता. विकत घेऊन नव्हे, स्वतः रंगवून. वॉर थंडर या टँकच्या गेमच्या फोल्डरात ‘यूझरस्किन्स’ नावाचा एक कप्पा असतो, त्यात टेक्स्चरच्या (रंग-नक्षीच्या) फायली टाकल्या की टँक हवा तसा रंगवता येतो. शुक्रवारी रात्री बसलो तो शनिवारी दुपारीच उठलो. पावसाळ्यात चुना उडालेल्या भिंतीसारखा मळका पांढरा, मधूनमधून खालचा हिरवा डोकावतोय, मागच्या जाळीवर धुराची काजळी. मोठ्या दिमाखात फिनलंडच्या नकाशावर एका उघड्या उतारावर जाऊन उभा राहिलो. पहिल्या दोन मिनिटांत मेलो. पुढच्या डावातही तेच. मावसभाऊ त्याच डावात होता. हेडफोनवर म्हणाला, “दादा, बर्फात हिरवा टँक घेऊन काय फिरतोयस?”

“हिरवा कुठे? पांढराय.”

“माझ्याकडे तर हिरवागार दिसतोय.”

स्किन म्हणजे टँकवरचं रंगकाम, आणि स्वतः बनवलेली यूझर स्किन फक्त आपल्यालाच दिसते. बाकीच्यांच्या पडद्यावर गेमचा मूळ रंग जातो. हे लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. एक अख्खी रात्र मी असा वेश करण्यात घालवली होती जो आरशाशिवाय कुणालाच दिसणार नव्हता.

त्यानंतर बरीच वर्षं मी हे गेम खेळलो, थोडे पैसे घालवले, मावसभावाला तासन्‌तास झुडपांत शोधायला लावलं. नवीन पोरं विचारतात, “कोणता कॅमो घेऊ म्हणजे दिसणार नाही?” कॅमो म्हणजे लपण्यासाठीचा रंग किंवा नक्षी. या प्रश्नाला थेट उत्तर नाही, कारण त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलेला असतो. तिथूनच सुरू करू.

१. आधी शोधा: तुम्हाला बघतंय कोण?

गेममध्ये ‘दिसणं’ दोन तऱ्हांचं असतं. एका तऱ्हेत तुम्ही दिसलात की नाही हे सर्व्हर ठरवतो. दुसऱ्या तऱ्हेत समोर खुर्चीत बसलेला माणूस, त्याचा मॉनिटर आणि त्याचे डोळे. तुमचा गेम यातला कोणता, हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

२०१० साली आलेला वर्ल्ड ऑफ टँक्स पहिल्या तऱ्हेचा. इथे सर्व्हर दर थोड्या वेळाने हिशोब मांडतो: समोरच्याची नजर किती, तुमचं अंतर किती, तुमचा कॅमो (इथे लपण्याची क्षमता, टक्क्यांत) किती, मध्ये झाडोरा आहे का. या हिशोबात तुम्ही ‘स्पॉट’ झाला नाहीत, तर त्याच्या पडद्यावर तुमचा टँक काढलाच जात नाही. तो तुमच्यावर दुर्बीण रोखून बसला असला तरी त्याला रिकामं शेत दिसतं. आणि स्पॉट झालात की डोक्यावर नाव, एचपीची (उरलेल्या जिवाची) पट्टी, नेम धरल्यावर भोवती लाल रेघ. अशा वेळी टँक जांभळा असो की शेणाने सारवलेला, डोळ्याला फरक शून्य.

वॉर थंडर दोन्हीकडचा आहे, म्हणून तिथे जास्त गोंधळ होतो. टँकच्या आर्केड लढाईत शत्रू हेरला गेला की त्याच्या डोक्यावर खूण येते, तेव्हा रंगाचा उपयोग जवळपास नाही. रिअलिस्टिक प्रकारात मात्र आपल्या गड्यांच्या डोक्यावर नावं दिसतात, शत्रूच्या टँकवर काहीच नाही. त्याला डोळ्यांनीच शोधायचं. सिम्युलेटरमध्ये तेवढाही आधार नाही. या दोन प्रकारांत कॅमो खरोखर काम करतो, कारण तो सर्व्हरला नव्हे, माणसाला फसवतो. लक्षात घ्या, वॉर थंडरमध्ये कोणत्याही स्किनला गुप्ततेचे टक्के वगैरे नसतात. जे काही आहे ते डोळ्यांपुरतं.

बीजीएमआय, कॉल ऑफ ड्यूटी, काउंटर-स्ट्राइक हे बंदुकांचे गेम सगळे डोळ्यांचे. व्हॅलरंट दिसायला तसाच, पण तिथे शत्रूभोवती रंगीत कडा येते. ती कडा लाल ठेवायची की पिवळी की जांभळी, हे बघणारा स्वतः निवडतो. म्हणजे तिथे लपण्यासाठी कपडे निवडण्यात अर्थच नाही.

ओळखायची सोपी खूण: शत्रू दिसला की गेम स्वतःहून त्याच्यावर काही काढतो का? नाव, त्रिकोण, कडा, काहीही? काढत असेल तर रंगाचा नाद सोडा आणि गेममध्ये कॅमोला आकडा आहे का एवढंच बघा.

२. जमवाजमव

फार काही लागत नाही, पण हे हाताशी ठेवा:

- एक मित्र, जो चिडणार नाही. हा सगळ्यात महत्त्वाचा.
- खासगी खोली: वर्ल्ड ऑफ टँक्समध्ये ट्रेनिंग रूम, वॉर थंडरमध्ये कस्टम बॅटल.
- स्क्रीनशॉट काढण्याची सोय आणि फोनमधला साधा फोटो एडिटर.
- वही, किंवा फोनमधली नोंदवही. तीन स्किन बघून झाल्या की पहिलीचं काय झालं होतं ते कुणालाच आठवत नाही.
- तुम्ही खेळता त्या नकाशांची यादी. गेल्या वीस डावांत कोणते नकाशे आले ते मोजा. बर्फाचा नकाशा वीसात दोनदा आला असेल, तर पांढऱ्या रंगासाठी किती जीव टाकायचा ते तुमचं तुम्हीच ठरवाल.

३. सर्व्हर बघत असेल तर पेन-कागद घ्या

वर्ल्ड ऑफ टँक्समधलं मूळ सूत्र असं आहे: तुम्ही किती अंतरावरून दिसाल = समोरच्याची नजर − (नजर − ५०) × तुमचा कॅमो.

उदाहरण घेऊ. समोरच्याची नजर ४०० मीटर. तुमच्या टँकचा कॅमो, समजा, २७ टक्के. ४०० मधून ५० गेले, उरले ३५०. त्याचे २७ टक्के म्हणजे ९४.५. तुम्ही साधारण ३०५ मीटरवरून दिसाल. आता टँकवर कॅमो पॅटर्न चढवा. त्याचा बोनस टँकच्या प्रकारानुसार २ ते ४ टक्क्यांच्या घरात असतो, आपण ३ धरू. कॅमो झाला ३० टक्के, अंतर आलं २९५ मीटर.

म्हणजे रंगकामाने मिळाले दहा मीटर. दीड टँकची लांबी म्हणा.

आता तोच टँक एका दाट झुडपामागे उभा करा. दाट झुडूप ५० टक्क्यांचं, विरळ २५ चं. एकामागे एक असली तर बेरीज होते, पण झाडोऱ्याची कमाल मर्यादा ८०. आपले ३० आणि दाट झुडपाचे ५० मिळून ८० टक्के. ३५० चे ८० टक्के २८०. आता तुम्ही १२० मीटरवरून दिसाल. रंगाने दहा मीटर, झुडपाने पावणेदोनशे. एवढा हिशोब एकदा स्वतःच्या हाताने केला की दुकानातल्या अर्ध्या गोष्टी आपोआप डोळ्यांआड होतात.

तरी दहा मीटर फुकटचे असतील तर घ्यावेतच. घेताना चार गोष्टी बघा.

रंग, चित्र, नंबर यांना बोनस नाही. टँकला नुसता एकरंगी रंग दिला, बुरुजावर वाघाचं चित्र लावलं, तर टक्के मिळत नाहीत. पॅटर्न किंवा पूर्ण स्टाइल लागते. नवीन माणूस इथे हमखास फसतो, कारण सगळं एकाच पडद्यावर एकाच रांगेत मांडलेलं असतं.

पॅटर्न कोणता, याने फरक पडत नाही. गुलाबी पट्ट्यांचा पॅटर्नही तेवढेच टक्के देतो जेवढे जंगली हिरव्याचा. सर्व्हरला डोळे नाहीत. ज्यांना हे माहीत आहे ते मुद्दाम भडक टँक घेऊन फिरतात आणि झुडपात बसून नीट लपतातही. नवख्याला ते बघून वाटतं, वेडा आहे. नसतो.

उन्हाळी, हिवाळी आणि वाळवंटी असे तीन रकाने असतात, तिन्ही भरा. मी पहिले कित्येक महिने फक्त उन्हाळी भरला होता.

चौथी गोष्ट अवजड टँकवाल्यांसाठी. मुळात कॅमो ५ टक्के असलेल्या धुडाला २ टक्के वाढवून सात मीटर मिळतात. घरावर हिरवी जाळी टाकली म्हणून घर लपत नाही. तुम्हाला चिलखत दिलंय, ते वापरा.

रंगापेक्षा ज्या गोष्टी खरोखर जीव वाचवतात त्याही इथेच सांगतो, कारण ‘लपायचं कसं’ हाच तुमचा मूळ प्रश्न आहे.

५० मीटरच्या आत आलात की भिंतीआड असलात तरी दिसता, तिथे कोणताही कॅमो चालत नाही. उलट ४४५ मीटरच्या पलीकडून कुणीही स्वतःच्या नजरेने तुम्हाला स्पॉट करू शकत नाही. त्याचे साथीदार जवळ असतील तर गोष्ट वेगळी. सर्व्हर सगळ्यांकडे सतत बघत नसतो: ५० मीटरच्या आत दर ०.१ सेकंदाला, १५० मीटरपर्यंत अर्ध्या सेकंदाला, २७० पर्यंत सेकंदाला आणि त्यापुढे दोन सेकंदांनी एकदा. म्हणून लांबवर गल्ली ओलांडताना कधी कधी नशिबाने निसटता येतं. ते रंगाचं श्रेय नाही.

हलके टँक चालतानाही उभ्याइतकेच लपलेले राहतात, बाकीच्यांचा कॅमो हलताना घसरतो. आणि तोफ डागली की सगळ्यांचाच घसरतो, मोठ्या तोफेचा जास्त.

यावरचा जुना आणि अजूनही सोन्यासारखा उपाय म्हणजे १५ मीटरचा नियम. झुडपाला चिकटून उभे राहिलात तर ते तुमच्या पडद्यावर पारदर्शक होतं आणि तुम्हाला पलीकडचं दिसतं. पण अशा वेळी गोळा मारला की त्या झुडपाचा आडोसा बराचसा जातो. म्हणून मारण्याआधी हळूहळू मागे सरका. एका क्षणी झुडूप पुन्हा गच्च हिरवं दिसायला लागतं, तिथे थांबा. तुम्हाला स्वतःला पलीकडचं दिसणार नाही, पण साथीदाराने स्पॉट केलेला टँक दिसेल, आणि मारल्यानंतर झुडूप तुमची पाठराखण करेल. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा समोरचा टँक नुसता गोल फिरत राहिला होता, गोळे कुठून येतात ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

४. माणूस बघत असेल तर: आधी उजेड, मग आकार, रंग सगळ्यात शेवटी

आता वॉर थंडरचं रिअलिस्टिक. इथे बहुतेक जण चुकीच्या टोकाने सुरुवात करतात. ‘नकाशा हिरवा, म्हणून टँक हिरवा.’ पण हिरव्याच्या पन्नास छटा असतात आणि लांबून डोळ्याला आधी छटा दिसतच नाही. आधी दिसतो गडद-फिकट फरक.

करून बघा. कुर्स्कच्या नकाशावर टँक शेतात उभा करा, लांबून स्क्रीनशॉट काढा आणि फोनमध्ये त्याचा रंग पूर्ण काढून टाका, काळा-पांढरा करा. आता फोन हातभर लांब धरून डोळे किलकिले करा. टँक काळ्या ठिपक्यासारखा उठून दिसतोय? मग तो कितीही ‘बरोबर’ हिरवा असला तरी उपयोग नाही. हा प्रयोग मी माझ्या आवडत्या गडद हिरव्या रशियन रंगावर केला आणि त्याच दिवशी तो रंग सोडला. पिकलेल्या शेतात तो चिखलात बसलेल्या म्हशीसारखा दिसत होता. त्याउलट जर्मनांचा पिवळसर रंग त्याच शेतात बऱ्यापैकी विरघळला. १९४३ च्या सुरुवातीला जर्मन सैन्याने आपल्या टँकचा पायाच गडद पिवळा केला आणि त्यावर हिरवे-तपकिरी पट्टे ओढायला लावले, ते उगाच नाही.

काळ्या-पांढऱ्याच्या या चाचणीचा आणखी एक फायदा. लाल-हिरव्यातला फरक नीट न कळणारे बरेच पुरुष असतात. त्यांना तुमच्या रंगांतला फरक तसाही नीट कळत नाही, ते उजेड-सावलीवर जास्त विसंबतात.

मग आकार. अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलं नसेल तर एकदा जा. १९९४ पासून आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या चिलखती रोल्स-रॉइसपासून विजयंतपर्यंत आणि युद्धात हाती लागलेल्या पॅटनपर्यंत खरे रणगाडे तिथे बघायला मिळतात. गेममधला टँक आपण नेहमी आतून किंवा मागून बघतो. तिथे एखाद्या रणगाड्यासमोर उभे राहा, वीस-पंचवीस पावलं मागे जा आणि बघा की त्याला ‘रणगाडा’ कशामुळे ओळखता येतंय. रंगामुळे नाही. तोफेची सरळ आडवी रेघ, चाकांवरची काळी सावली आणि बुरुजाची वरची कड, या तीन गोष्टी. निसर्गात इतकी सरळ रेघ कुठेच नसते, आणि पोटाखाली इतका काळोखही.

म्हणून स्किन निवडताना हे पाहा:

पट्टे कडेवरून ओघळून जाणारे हवेत. पट्टा टँकच्या बाजूवर सुरू होऊन वरच्या छतावर संपत असेल तर कड मोडते. प्रत्येक भागावर वेगळा, चौकटीत बसवलेला पॅटर्न असेल तर उलट कड जास्त ठसठशीत होते.

नक्षी फार बारीक नको. बारीक ठिपके जवळून छान दिसतात, तीनशे मीटरवर सगळे मिसळून एकच सपाट रंग होतो. वॉर थंडरमध्ये बऱ्याच कॅमोंना आकार आणि फिरवण्याची पट्टी असते, रंग किती जुना-उडालेला दिसावा याचीही. आकार वाढवून बघा. मोठे, वेडेवाकडे डाग लांबून जास्त काम करतात. सैन्याचे चौकोनी ठिपक्यांचे गणवेश तुम्ही पाहिले असतील, आपल्या लष्कराचा नवाही २०२२ च्या सेनादिनी तसाच आला. त्यात लहान ठिपक्यांचेच मोठे डाग बनवलेले असतात, म्हणून ते जवळ आणि लांब दोन्हीकडे चालतात. गेममधल्या कित्येक स्वस्त ‘डिजिटल’ स्किनमध्ये फक्त लहान ठिपके असतात, मोठे डाग नसतातच.

नवा कोरा, चकचकीत टँक घेऊ नका. मळलेला बरा.

तोफेवर काहीतरी हवं. वॉर थंडरमध्ये टँकला झुडपाच्या फांद्या लावता येतात. नवखे त्या छतावर लावतात आणि फिरती कुंडी तयार करतात. फांदी तोफेच्या मुळाशी लावा, किंवा ज्या ठिकाणी तुमचं चिलखत कमकुवत आहे तिथे: मशीनगनचं भोक, ड्रायव्हरची फट, बुरूज आणि धडाच्या मधली जागा. कारण रिअलिस्टिकमध्ये बऱ्याचदा तुम्ही दिसलेले असताच. प्रश्न असतो, समोरच्याला मारायचं नेमकं कुठे हे किती लवकर कळतं. त्याला अर्धा सेकंद विचार करायला लावला तरी तेवढ्यात तुमचा गोळा निघतो.

पहिल्या महायुद्धात १९१७ साली नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने जहाजांवर काळे-पांढरे भडक पट्टे ओढायची कल्पना मांडली ती याच जातीची. जहाज लपणार नाही हे त्याने मान्यच केलं होतं. पाणबुडीवाल्याला जहाज कोणत्या दिशेने चाललंय याचा अंदाज चुकावा, एवढंच त्याला हवं होतं.

आणि शेवटी छटा. वाळवंटाला पिवळट, बर्फाला मळका पांढरा, शहराला राखाडी. बर्लिनसारख्या पडक्या शहरात हिरवा टँक फार खटकतो. चांगली गोष्ट म्हणजे वॉर थंडरमध्ये मैदानात उतरण्याच्या पडद्यावरच स्किन बदलता येते, नकाशा कळल्यानंतर. मला हे कळायला दोन वर्षं लागली. तेवढी घाईगडबड असते तिथे की उजवीकडे कुणी बघतच नाही.

५. मित्राला समोर बसवा

आता कस्टम बॅटल उघडा. नियम साधे: मित्राने तोंड फिरवून उभं राहायचं, तुम्ही जाऊन लपायचं, ‘बघ’ म्हटल्यावर त्याने शोधायचं आणि सापडताच ओरडायचं. सेकंद मोजा. प्रत्येक स्किनला तीन जागा: उघड्यावर, झाडांच्या कडेला, आणि टेकडीमागे फक्त बुरूज वर काढून. अंतर साधारण शंभर, तीनशे, सहाशे मीटर. जागा दर वेळी बदला, नाहीतर तो रंग नाही, तुमची सवय ओळखायला लागतो.

सापडल्यावर एकच प्रश्न विचारा: “आधी काय दिसलं?” माझा मावसभाऊ दहापैकी सात-आठ वेळा ‘नळी’ म्हणायचा. रंगाचं नाव त्याने क्वचित घेतलं. बर्फात हिरवा आणि वाळूत हिरवा, एवढ्या दोनच ठिकाणी तो शोधायच्या आधीच हसला. टेकडीमागे नुसता बुरूज असताना तर कोणती स्किन होती हे त्याला नंतर सांगताही येत नव्हतं.

मग त्याला ग्राफिक्स अगदी खाली आणायला सांगा आणि सगळं पुन्हा करा. हे टाळू नका. तुमच्या पडद्यावर तुम्ही कमरेइतक्या गवतात असता, त्याच्या स्वस्त सेटिंगवर तिथे सपाट हिरवा गालिचा असतो आणि त्यावर तुम्ही, मांडून ठेवल्यासारखे.

मित्र नसेल तर वॉर थंडरचा सर्व्हर रिप्ले, म्हणजे झालेल्या डावाचं चित्रण, उघडा. त्यात कॅमेरा मोकळा सोडून ज्याने तुम्हाला मारलं त्याच्या जागेवरून स्वतःला बघता येतं. लाज वाटते, पण शिकायला मिळतं.

६. रंगावर पाणी फिरवणाऱ्या गोष्टी

हालचाल. डोळा रंग शोधत नाही, हलणारं शोधतो. बुरूज उगाच इकडेतिकडे फिरवणं बंद करा, एवढ्यानेच फरक पडेल.

आभाळ. टेकडीच्या माथ्यावर उभे राहिलात की मागे आभाळ येतं आणि कोणत्याही रंगाचा टँक काळा दिसतो. थोडं खाली उतरून मागे दुसरी टेकडी किंवा झाडं येतील असं उभे राहा.

धूळ, धूर आणि गोळ्याची रेघ. तोफेच्या तोंडाशी उठलेला धुरळा तीन सेकंद तुमचा पत्ता सांगत राहतो. मारा आणि सरका.

उष्णता दाखवणारी दुर्बीण. वॉर थंडरच्या वरच्या श्रेणीत आधुनिक टँक आले की थर्मल येतं. त्यात तुमचा टँक दिव्यासारखा उजळतो, वर कोणताही रंग असो. वरच्या श्रेणीसाठी कॅमोवर पैसे घालवणारे हौसेसाठी घालवतात, आणि ते ठीकच आहे.

समोरच्याचा मॉनिटर. बरेच सराईत खेळाडू रंगांचा भडकपणा आणि कडांचा धारदारपणा वाढवून खेळतात, काउंटर-स्ट्राइकवाले तर सर्रास. तुमचा सौम्य मातकट रंग त्यांच्याकडे चक्क नारिंगी असू शकतो.

बीजीएमआयवाल्यांसाठी वेगळं सांगतो. एरँगल नकाशाच्या माळावर गवतात आडवं पडून तुम्हाला सुरक्षित वाटतं, कारण तुमच्याभोवती गवत आहे. लांबच्या माणसाचा फोन एवढ्या लांबचं गवत काढतच नाही. त्याला उघड्या जमिनीवर पालथा पडलेला माणूस दिसतो. गिली सूट (गवता-पानांचा पोशाख) चढवला तरी त्याचा खरा उपयोग झाडाच्या बुंध्याशी किंवा झुडपाजवळ. झाड आणि दगड लांबूनही दिसतात, म्हणून त्यांचाच आधार घ्या. उघड्यावर पडायचंच असेल तर उताराच्या मागे.

७. पैसे

वॉर थंडरमधले बरेच कॅमो त्या टँकने ठरावीक शत्रू मारले की फुकट उघडतात. म्हणजे ज्या टँकवर तुम्ही खरंच खेळता त्याचे कॅमो आपोआप मिळत जातात. सोनं (गेममधलं पैशांनी घेतलेलं चलन) खर्च करण्याआधी तो आकडा कितीवर आलाय ते बघा. दहा-बारा शत्रू बाकी असताना विकत घेणारे मी पाहिलेत. पहिला माझा मावसभाऊ.

जुन्या व्हिडिओंवरून खरेदी करू नका. वर्ल्ड ऑफ वॉरशिप्समध्ये कॅमोमुळे जहाज ३ टक्के कमी अंतरावरून दिसायचं आणि शत्रूचे गोळे ४ टक्के जास्त विखरायचे. तेव्हा कॅमोशिवाय बंदर सोडणं हा मूर्खपणा होता. २०२२ मध्ये हे दोन्ही फायदे सगळ्या जहाजांना मुळातच देऊन टाकले आणि रंग नुसता शोभेचा उरला. ‘कॅमो घ्याच’ म्हणून सांगणारे जुने व्हिडिओ मात्र अजून तसेच पडलेत.

‘अदृश्य’ म्हणून गाजणारी स्किन तर मुळीच घेऊ नका. कॉल ऑफ ड्यूटीच्या वॉरझोनमध्ये रोझ नावाच्या पात्राचा काळाकुट्ट पोशाख अंधाऱ्या कोपऱ्यात दिसायचाच नाही. इतकी ओरड झाली की शेवटी तो उजळ करावा लागला. फोर्टनाइटमध्ये २०२० साली स्वतः रंगवायचे सुपरहिरोचे पोशाख आले, लोकांनी ते नखशिखांत काळे आणि पांढरे केले, आणि तीही वाट बंद झाली. अशा वस्तूचा फायदा काढून घेतात, पैसे परत मिळतीलच असं नाही.

कुणी सुंदर स्किन दाखवून फाइल पाठवली तर दोनदा विचारा: ही गेमच्या दुकानातली की फोल्डरात टाकायची? फोल्डरातली असेल तर ती तुमच्यापुरतीच. शिवाय इतिहासाला न धरणाऱ्या सजावटी लपवायची सोय समोरच्याच्या सेटिंगमध्ये असू शकते. म्हणजे विकत घेतलेली भडक स्किनसुद्धा काही जणांना साधीच दिसते.

घ्यायचीच असेल तर आधी गॅरेजमध्ये टँकवर चढवून बघा, त्याला पैसे पडत नाहीत. तिथला उजेड मात्र दुकानाच्या काचेतल्या साडीसारखा असतो, त्यावर जाऊ नका. कुणीतरी तीच स्किन लावून खेळत असेल त्याचा रिप्ले शोधा, लांबून स्क्रीनशॉट काढा, काळा-पांढरा करा, आणि मग ठरवा.